बिल पास करण्याआधी एक फाइल परत मागा

प्रति,
गोव्यातील वाचनालये, देवस्थाने, शिक्षणसंस्था आणि पतसंस्था यांचे सन्माननीय अध्यक्ष, मुखत्यार, सचिव, खजिनदार आणि समिती सदस्य

विषय: संगणक बदलताना बॅकअप सॉफ्टवेअरचे काय करणार, याबाबत

सप्रेम नमस्कार,

इकडे मडकई-कवळ्यापासून तिकडे डिचोली-साखळीपर्यंत गेली बावीस वर्षं मी संगणक दुरुस्त करत फिरतो. तुमच्यातले बरेच जण मला तोंडओळखीने तरी ओळखतात. काहींकडे माझं बिल बाकी आहे, पण हे पत्र त्यासाठी नाही.

विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. तेव्हापासून ज्या त्या समितीच्या बैठकीत नव्या संगणकाचा विषय निघतो आहे. दुकानांची कोटेशनं येतात आणि त्यातली बरीचशी "जरा बघ रे" म्हणून माझ्याकडे येतात. त्यांत प्रोसेसर असतो, रॅम असते, यूपीएस असतो, एकात तर माउसपॅडचीही वेगळी ओळ होती. पण तुमचा जुना बॅकअप नव्या मशीनवर उघडून देऊ, असं लिहिलेलं एकही कोटेशन मला अजून दिसलेलं नाही. ते लिहून घ्या, आणि प्रत्यक्ष उघडून दाखवल्याशिवाय बिल पास करू नका, एवढंच सांगायला बसलो आहे. पण नुसतं एवढंच सांगितलं तर तुम्ही मान डोलावून पुढच्या विषयावर जाल, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

जून २०२३ मधली गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं भली आहेत आणि चूक एकट्या त्यांची नव्हती. पहिल्या पावसाच्या आठवड्यात एका संध्याकाळी वीज कडाडली, दिवे दोनदा गेले-आले आणि वाचनालयाचा संगणक बंद पडला तो पडलाच. सकाळी ग्रंथपालबाईंचा फोन आला. मी निर्धास्त होतो. त्या मशीनचा बॅकअप रोज संध्याकाळी सात वाजता बाहेरच्या डिस्कवर व्हायचा आणि ते सॉफ्टवेअर २०१६ मध्ये मीच बसवून दिलं होतं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, त्याची हिरवी खूण कायम असायची. वर्षातून दोनदा मी तिथं जायचो, आतली धूळ काढायचो, हिरवी खूण बघायचो, चहा घ्यायचो आणि निघायचो.

डिस्क माझ्या लॅपटॉपला लावली. आत दर दिवसाचा एक फोल्डर, तारखा अगदी बरोबर. कालचा उघडला. एकच फाइल, दोन केबीची. परवाचा उघडला. दोन केबी. मग मी महिना महिना मागे जायला लागलो. २०२२, दोन केबी. २०२१, दोन केबी. फेब्रुवारी २०२० मधल्या एका मंगळवारी एकदम चार जीबीची फाइल दिसली, आणि तिच्या अलीकडचं सगळं दोन-दोन केबीचं. बाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "पाचवें आशिल्लें न्हय रे सदांच, मागीर?" हिरवं तर रोज दिसत होतं, मग हे काय? मला उत्तर सुचेना.

नंतर बसून उलगडा केला तो असा. विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० ला संपली. पुढच्याच महिन्यात एका दुकानातल्या मुलाने त्याच मशीनवर विंडोज १० चढवलं. त्याने काम नीट केलं होतं, मी त्याला दोष देत नाही. पुस्तकांच्या नोंदीचा प्रोग्रॅम चालला, प्रिंटर चालला, सगळ्यांनी पेढे खाल्ले. बॅकअप सॉफ्टवेअर मात्र विंडोज ७ च्या काळातल्याच आवृत्तीवर राहिलं. वापरात असलेल्या फायलींची नक्कल घेणारा त्याचा जो ड्रायव्हर (विंडोजच्या पोटात शिरून काम करणारा छोटा प्रोग्रॅम) होता, तो नव्या विंडोजने बाजूला काढून ठेवला. बाकीचं धड शिल्लक राहिलं. ते रोज सात वाजता जागं व्हायचं, फोल्डर करायचं, हाती काही लागलं नाही अशी दोन केबीची तक्रार लिहायचं आणि पुन्हा झोपायचं. हिरव्या खुणेचा अर्थ वेळापत्रक चालू आहे, एवढाच होता. बॅकअप झाला की नाही याच्याशी तिचा काही संबंध नव्हता. हे सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते पान सात वर्षांनी वाचलं.

गेल्या काय, तर तीन वर्षं चार महिन्यांच्या नोंदी. हातांनी लिहायची दाखल नोंदवही समितीने २०१९ मध्येच बंद केली होती, "संगणक असताना दुहेरी काम कशाला" असा रीतसर ठराव करून. निदान पुस्तकं तरी जागेवर होती. मग बाई, बारावीच्या दोन मुली आणि मी असे चौघं बसलो. एकेक पुस्तक फडताळातून काढायचं, शिक्क्यातला दाखल क्रमांक बघायचा, शिक्का पुसट असेल तर आतलं ठरलेलं गुप्त पान उघडून तिथला बघायचा, आणि टाइप करायचा. गणेश चवथीपर्यंत हेच चाललं. पुस्तकांचं जमलं. अनामतीचं जमलं नाही. कोणी किती अनामत भरली, कोणी परत नेली, याच्या पावत्यांच्या स्थळप्रती ओलीने एकमेकींना चिकटल्या होत्या. शेवटी सभासद जे सांगेल ते समितीने मान्य करायचं ठरवलं. एक आजोबा मुद्दाम चालत येऊन सांगून गेले की, माझी अनामत मी परत नेलेली आहे, पुन्हा देऊ नका. सगळ्यांचे सभासद असे नसतात.

आता तुम्ही विचाराल की, प्रिंटर चालला, नोंदीचा प्रोग्रॅम चालला, मग बॅकअपलाच काय धाड भरली? प्रश्न रास्त आहे. पत्र टाइप करायचा प्रोग्रॅम विंडोजच्या अंगणात बसून काम करतो. बॅकअपचा प्रोग्रॅम थेट माजघरात शिरतो. त्याला डिस्कच्या कोपऱ्याकोपऱ्यातलं वाचायचं असतं, दुसऱ्या प्रोग्रॅमने धरून ठेवलेल्या फायलीही उतरवायच्या असतात. वहीत कोणी लिहीत असताना तुम्ही ती उतरवायला बसलात तर अर्धं पान जुनं आणि अर्धं नवं उतरतं. म्हणून विंडोज एक्सपीच्या काळापासून व्हॉल्यूम शॅडो कॉपी नावाची सोय आहे. अमुक क्षणी डिस्क जशी होती तसं तिचं एक चित्र धरून ठेवायचं आणि त्यावरून सावकाश नक्कल घ्यायची. बरीच बॅकअप सॉफ्टवेअरं याच्या जोडीला स्वतःचे ड्रायव्हरही घालतात. विंडोज बदललं की माजघरातल्या भिंती हलतात, आणि ज्याला जुन्या घराचा नकाशा तोंडपाठ असतो त्यालाच आधी ठेच लागते. ३२ बिटांचा, म्हणजे जुन्या घडणीचा, साधा प्रोग्रॅम ६४ बिटांच्या नव्या घडणीच्या विंडोजवर मुकाट चालतो, पण ३२ बिटांचा ड्रायव्हर तिथं मुळी चालतच नाही. आणि विंडोज ११ तर ६४ बिटांतच येतं.

हे गावातल्या वाचनालयापुरतं आहे असं समजू नका. जगभरचे प्रोग्रॅमर आपलं काम जिथं ठेवतात त्या गिटलॅब कंपनीत ३१ जानेवारी २०१७ ला एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअप काढायला गेले तर बॅकअप नव्हताच. डेटाबेस होता पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीचा, आणि बॅकअपचं अवजार चालत होतं ९.२ चं. जुनं अवजार नव्या डेटाबेसला हात लावायला तयार नव्हतं आणि रोज चूक दाखवत होतं. ती चूक कळवणारे ईमेलही नाकारले जात होते, म्हणून कोणाला पत्ताच नाही. योगायोगाने एका माणसाने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी एक नक्कल काढून ठेवली होती, तिच्यावर भागलं, सहा तासांचं काम गेलं. कंपनीने हे सगळं स्वतःहून जाहीर केलं याचं मला फार कौतुक वाटतं. आपल्याकडे असं काही झालं तर आधी कपाटाची किल्ली कोणाकडे होती याच्यावर दोन बैठका होतात.

बॅकअप परत येणं आणि तो वाचता येणं यांतही अंतर आहे. देवस्थानांच्या मंडळींना हे समजवायला मला फार बोलावं लागणार नाही. तुमच्या लोखंडी कपाटात महाजनांच्या जुन्या याद्या आहेत, पोर्तुगीज अमलातले कागद आहेत, ज्या १९३३ च्या रेजिमेंताखाली, म्हणजे नियमावलीखाली, आजही देवस्थानं चालतात तोसुद्धा मुळात पोर्तुगीजमध्येच. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे, आणि वाचून घ्यायला एखाद्या ऐंशी वर्षांच्या निवृत्त नोटरीच्या घरी जावं लागतं. संगणकातल्या फायलींवर ही पाळी ऐंशी वर्षांनी येत नाही, आठ-दहा वर्षांतच येते.

एका देवस्थानाने २००३ मध्ये स्मरणिका काढली होती. पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावलेली, अक्षरं त्या काळच्या मराठी फॉन्टमधली, म्हणजे युनिकोड ही सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरपद्धत रूढ व्हायच्या आधीची. ज्यांनी ती लावली त्यांच्याकडे त्या मराठी सॉफ्टवेअरचं कुलूप होतं, संगणकाच्या मागे खुपसायचं ते डोंगल. मध्यंतरी नवी स्मरणिका काढायची म्हणून जुनी सीडी माझ्याकडे आली. सीडी वाचली गेली, फायली सगळ्या आल्या, एकही खराब नव्हती. मजकूर उघडून बघितला तर "श्री" च्या जागी तीन चौकोन आणि एक उलटा स्वल्पविराम. फॉन्ट नाही, पेजमेकर नाही, डोंगल सापडलं पण त्याचा ड्रायव्हर आजच्या विंडोजला ठाऊक नाही. शेवटी एका जुन्या छापखान्यात अजून एक्सपीचं मशीन जिवंत होतं, तिथून छापील पानांसारखी पीडीएफ करून आणली. मजकूर शोधता येत नाही, बदलता येत नाही, पण वाचता तरी येतो. म्हणून सांगतो, नोंदींचा बॅकअप घेताना त्याच नोंदी साध्या युनिकोड मजकुरात किंवा एक्सेलच्या साध्या तक्त्यातही वेगळ्या काढून ठेवा. ज्या सॉफ्टवेअरने बॅकअप घेतला ते उद्या बाजारातून उठलं तरी तक्ता उघडेल.

खुद्द मायक्रोसॉफ्टनेही हा खेळ केलेला आहे. एक्सपीत एनटीबॅकअप नावाचा प्रोग्रॅम यायचा, त्याच्या फायली बीकेएफ नावाच्या. व्हिस्टात तो प्रोग्रॅमच काढून टाकला, आणि लोकांच्या जुन्या फायली नुसत्या उघडायला वेगळं अवजार द्यावं लागलं. विंडोज ७ मध्ये नवा बॅकअप आला, ८ मध्ये फाइल हिस्टरी आली. आज विंडोज ११ च्या कंट्रोल पॅनलमध्ये बघा, "बॅकअप आणि रिस्टोअर (विंडोज ७)" अशी पाटी अजून लटकलेली दिसेल. त्यातली पूर्ण डिस्कची प्रतिमा घेण्याची सोय वापरू नका, दुसरं सॉफ्टवेअर घ्या, असं कंपनीने २०१७ मध्येच सांगितलेलं आहे. आता "विंडोज बॅकअप" या नावाचं आणखी एक ॲप येतं. ते तुमचे डॉक्युमेंट आणि डेस्कटॉप वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या कोठारात चढवतं आणि मोफत जागा देतं ५ जीबी. ५ जीबीत वाचनालयाची जुनी छायाचित्रंसुद्धा बसणार नाहीत. शिवाय इथली फाइल पुसली की तिथलीही पुसली जाते, कचऱ्याच्या टोपलीत काही दिवस राहते तेवढीच.

आता नव्या मशीनकडे येतो. इथं तीन ठिकाणी पाय घसरतो, आणि तिन्ही मी या काही महिन्यांत बघितले.

पहिलं म्हणजे कुलूप. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या मशीनची डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद होते. वाईट नाही, चोराने डिस्क नेली तरी त्याला काही वाचता येत नाही. पण त्याची ४८ आकडी किल्ली कुठं ठेवली जाते? मशीन सुरू करताना ज्याचं मायक्रोसॉफ्ट खातं वापरलं त्याच्या खात्यात. एका संस्थेत ते खातं दुकानातल्या पोराचं होतं. त्याने घाईत स्वतःचाच ईमेल टाकला आणि पुढं तो दुकान सोडून जहाजावर गेला. मदरबोर्ड बदलला तेव्हा पडद्यावर ४८ आकड्यांची मागणी आली आणि आम्ही व्हॉट्सॲपवर बोटीची वेळ धरून त्याला गाठत बसलो. किल्ली मिळाली, पोरगा चांगला होता. तुमचा पोरगा फोन उचलेलच असं नाही. संस्थेचं स्वतःचं खातं काढा आणि ते आकडे छापून इतिवृत्ताच्या वहीसोबत कपाटात ठेवा.

दुसरं, जुनी सामायिक डिस्क. काही शाळांत आणि पतसंस्थांत नेटवर्कवर लावलेली डिस्कची पेटी असते, दहा-बारा वर्षांपूर्वीची. ती ज्या जुन्या भाषेत बोलते ती भाषा विंडोजने २०१७ पासून आपोआप बसवणं बंद केलं. २४एच२ त्याहून कडक आहे, पाहुण्याच्या नावाने बिनपासवर्डाचं आत सोडणंही ते नाकारतं. नवं मशीन लावलं आणि बॅकअपला पेटीच दिसेनाशी झाली, असं झालं तर पेटी बिघडली असं समजून फेकू नका. आणि कुठल्या व्हिडिओत बघून जुनी भाषा पुन्हा चालूही करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभर धुमाकूळ घातला तो त्याच भाषेतल्या भोकातून. त्या भोकाचं ठिगळ मार्चमध्येच आलेलं होतं, ज्यांनी लावलं नव्हतं ते बुडाले. मशीनला कायमची लावून ठेवलेली बॅकअपची डिस्कही अशा वेळी सोबतच कुलूपबंद होते.

तिसरं, जुन्याच मशीनवर जबरदस्तीने ११ चढवणं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर. ही तपासणी चुकवायच्या युक्त्या आहेत, दोन हजारांत करून देणारेही आहेत. अशा मशीनला पुढच्या सुधारणा मिळतील याची हमी नाही असं मायक्रोसॉफ्ट लेखी सांगतं. समितीचे दोन हजार वाचतील, आणि त्या मशीनवर बॅकअप कंपनीला फोन केलात तर पहिल्याच प्रश्नाला ते फोन ठेवतील.

"एकदा ११ घेतलं की सुटलो" असं म्हणणाऱ्या खजिनदारांसाठी एक माहिती. विंडोज ११ ची दर वर्षी नवी आवृत्ती येते आणि होम किंवा प्रो मशीनवर त्या प्रत्येक आवृत्तीला २४ महिने देखभाल मिळते. म्हणजे नाव ११ च राहतं, आतला माणूस बदलत राहतो. बॅकअप सॉफ्टवेअरला दर वेळी त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं, आणि ते काम त्या कंपनीतला कोणी तरी पगारावर करत असतो. म्हणून देखभालीचे पैसे लागतात. "एकदा विकत घेतलं, पुन्हा पैसे कसले?" हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत ऐकावा लागतो. समईची पितळ एकदा घेता, तेल रोज घालता, तेव्हा कोणी विचारत नाही. ज्यांना १० वरच राहायचं आहे त्यांनाही फुकट राहता येणार नाही. संस्थांसाठी (शिक्षणसंस्थांचा दर वेगळा आहे) वाढीव सुरक्षा देखभालीचा दर पहिल्या वर्षी एका मशीनला ६१ डॉलर, आणि पुढं दर वर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं.

क्रॅक केलेल्या बॅकअप सॉफ्टवेअरबद्दलही लिहिलंच पाहिजे, कारण तुमच्यापैकी काहींकडे ते आहे आणि कोणाकडे आहे हे मला माहीत आहे. चोरीचं आहे ही गोष्ट तुमच्या आणि देवाच्या मधली. माझं दुखणं वेगळं आहे. क्रॅक टिकावा म्हणून त्यातल्या सुधारणा मुद्दाम बंद केलेल्या असतात. विंडोज पुढं जातं, हे तिथंच. मग दोन केबीच्या फायली जमायला लागतात.

पैसे नसतील तर मार्ग आहेत. रेस्टिक, डुप्लिकाटी ही बॅकअपची मुक्त सॉफ्टवेअरं फुकट मिळतात आणि मनापासून सांभाळलेली आहेत. जी वाचनालयं नव्याने नोंदी करायच्या विचारात आहेत त्यांनी कोहा हे ग्रंथालयांसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर बघावं. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयाचं जुनं सॉफ्टवेअर सन २००० ओलांडू शकणार नव्हतं, म्हणून त्यांनी कोहा करून घेतलं आणि जानेवारी २००० मध्ये चालू केलं. ते लिनक्सवर चालतं. लिनक्सवरही आवृत्त्या संपतात, उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षं मिळतात. फुकट आहे म्हणून लक्ष नको, असं तिथंही चालत नाही. आणि तुमच्या गावात लिनक्स कळणारं कोणी नसेल तर माझ्या एकट्याच्या भरवशावर घेऊ नका. मला पन्नाशी उलटली आहे.

मग करायचं काय? नवं मशीन यायच्या आधी जुन्यावर पूर्ण बॅकअप घ्या, रोजच्या बदलांचा तुकडा नको, पूर्ण. तुकड्यांची साखळी असते, मधली एक कडी तुटली की पुढचं सगळं निरुपयोगी. ज्या सॉफ्टवेअरने तो घेतला त्याची बसवायची फाइल आणि परवान्याचा क्रमांक त्याच डिस्कवर ठेवा. मग ते सॉफ्टवेअर कुठल्या विंडोजपर्यंत चालतं हे त्या कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या, तोंडी नको. नव्या मशीनवर आधी नवी आवृत्ती बसवा, लगेच नवा पूर्ण बॅकअप घ्या, जुन्या साखळीला जोडू नका. आणि मग समितीतल्या एकाने, शक्यतो ज्याला संगणकातलं काही कळत नाही अशाने, दुकानदाराच्या समोर बसून म्हणावं, "२०१८ मधली अमुक सभासदाची नोंद मला काढून दाखव." जुन्या बॅकअपमधून काढून दाखवली तरच सही. संकटात मशीन सुरू करायची पेनड्राइव्हही त्याच दिवशी लावून बघा. जुन्या पेनड्राइव्हला नव्या मशीनमधली एसएसडी (नव्या प्रकारची डिस्क) पुष्कळदा दिसतच नाही, आणि ते कळायची वेळ भर जत्रेत येते.

डिस्क कुठं ठेवता तेही बघा. २३ जुलै २०२१ ला सत्तरी-डिचोलीत पाणी चढलं तेव्हा एका शाळेत संगणक टेबलाखाली होता आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात. दोन्ही एकाच पाण्यात. लिस्बन आणि गोवा यांच्यात जहाजांतून पत्रव्यवहार चालायचा तेव्हा महत्त्वाच्या पत्राच्या दोन-तीन प्रती करून पहिली व्हिया, दुसरी व्हिया असा शेरा मारून वेगवेगळ्या जहाजांवर चढवत. एक बुडालं तर दुसरं पोचावं. तो पत्रव्यवहार आज पणजीच्या पुराभिलेखात बघायला मिळतो. तुम्हाला जहाज नको, एक डिस्क सचिवांच्या घरी वरच्या फळीवर गेली तरी पुष्कळ.

देवस्थानांचं अंदाजपत्रक मामलेदारांकडे जातं, संस्थांचं सर्वसाधारण सभेत. त्यात विजेचं बिल, रंगकाम, वाळवीचं औषध यांच्या शेजारी "बॅकअप देखभाल" अशी एक ओळ घाला आणि ती कोणाची जबाबदारी ते नावानिशी इतिवृत्तात लिहा. "समितीने बघावे" असं लिहिलं की कोणीच बघत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या माणसाला एक साधी वही द्या. त्यात आजची विंडोज आवृत्ती लिहायची (स्टार्टमध्ये विनव्हर, इंग्रजीत winver, टाइप केलं की दिसते), बॅकअप सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहायची, शेवटच्या फाइलचा आकार लिहायचा, आणि तिच्यातून कधी आणि काय परत काढून बघितलं ते.

त्या वाचनालयातल्या बाई आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी हे करतात. शेजारच्या शाळेचा लॅपटॉप मागून आणतात, डिस्क लावतात, डोळे मिटून सभासद यादीवर बोट ठेवतात आणि त्या सभासदाची नोंद बॅकअपमधून काढतात. गेल्या खेपेला त्यांचा घाबऱ्या घाबऱ्या फोन आला, फाइलचा आकार आदल्या महिन्याइतकाच आहे म्हणून. मी स्कूटर काढून गेलो. बॅकअप ठीक होता. महिनाभर नवीन पुस्तकंच आली नव्हती, आणि चवथीच्या सुट्टीत कोणी फिरकलंही नव्हतं. बाई ओशाळल्या. पण त्या दिवशीच्या चहाचा घोट मी निवांत घेतला.

रविवारी दुपारपर्यंत मी घरीच असतो. आपापल्या डिस्क घेऊन या, उघडून बघू, त्याचे पैसे घेणार नाही. येताना डिस्कची केबल मात्र आठवणीने आणा. प्रत्येकाची वेगळी असते आणि ती नेमकी कपाटात राहते.

आपला,
फोंड्याचा संगणक-दुरुस्तीवाला